‘लीक्स’ की ‘लीकिंग’: दिघ्याच्या एका दादांची केस

मी नवी मुंबईत, ऐरोलीला घरीच स्पोकन इंग्लिश शिकवते, हॉलमध्ये एक व्हाइट बोर्ड, चार खुर्च्या, बस. कॉलेजची मुलं कमी येतात, येतात ती एमआयडीसीतली मोठी माणसं, ड्युटी सुटल्यावर, अंगाला अजून प्लांटचा वास असतो आणि डोळ्यात झोप. ही केस त्यातल्याच एका दादांची. नाव लिहीत नाही, त्यांना विचारून लिहितेय एवढं सांगते, आणि यात चूक जास्त माझीच आहे हेही आधीच सांगून टाकते.

दादा चाळिशीच्या आसपासचे, दिघ्याला राहतात, रबाळे एमआयडीसीत एका केमिकल प्लांटमध्ये १४ वर्षं आहेत. आयटीआय फिटर म्हणून लागले, मग ऑपरेटर, आता शिफ्ट इन्चार्ज. शाळा मराठी मीडियम, इंग्रजी पाचवीपासून. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर यांची शाळा संपत आलेली. आजवर काही अडलं नाही कारण साहेब मराठी नाहीतर हिंदी बोलणारे होते. मग नवे प्लांट मॅनेजर आले तमिळनाडूचे, मराठी शून्य, हिंदी ‘क्या हुआ, कब हुआ’ एवढीच, सगळं बोलणं इंग्रजीत. दादा आले तेच म्हणत की मॅडम मला ग्रामर येतं, पण साहेबांना माझं कळत नाही.

आणि ग्रामर खरंच येत होतं. वहीच्या मागच्या पानावर बारा टेन्सचा तक्ता, लाल-निळ्या पेनाने आखलेला, आणि तो तोंडपाठ. ‘सब्जेक्ट प्लस ॲम, इज, आर प्लस व्हर्ब प्लस आयएनजी प्लस ऑब्जेक्ट’ हे त्यांनी एका दमात म्हणून दाखवलं, आरती म्हणावी तसं. मी म्हटलं छान, आता तुमच्या कामाबद्दल पाच वाक्यं बोला. ‘आय ॲम वर्किंग इन केमिकल कंपनी सिन्स फोर्टीन इयर्स. आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन. आय ॲम गोइंग बाय बाइक डेली. माय साहेब इज नॉट नोइंग मराठी. आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग हिज इंग्लिश.’ पाचच्या पाच वाक्यांत आयएनजी.

नक्की कुठे अडतं विचारलं तर पंख्याची गोष्ट सांगितली. कूलिंग टॉवरचा एक फॅन दोन-तीन दिवसांतून एकदा सुरू होताना घरघर करायचा, बेअरिंग जायला आलं असावं. दादांनी साहेबांना फोन करून सांगितलं, ‘सर, कूलिंग टॉवर फॅन नंबर टू इज मेकिंग नॉइज.’ साहेब जेवण सोडून हेल्मेट घालून टॉवरवर चढले, आणि फॅन बंद. स्टँडबायला होता. ‘व्हेअर इज द नॉइज?’ दादा म्हणाले, ‘सर, नॉट नाऊ, इट इज मेकिंग.’ साहेबांनी कपाळाला हात लावला म्हणे. दोन-तीनदा असं झाल्यावर साहेबांना वाटायला लागलं की हा माणूस उगाच घाबरतो, किंवा काहीही सांगतो. १४ वर्षं मशीनच्या आवाजावरून बिघाड ओळखणाऱ्या माणसाबद्दल असं वाटणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

मी निदान केलं ते कुठल्याही टीचरने केलं असतं तेच, की यांना आयएनजीची सवय लागलीये, ती सोडवा. बोर्डवर लिहिलं ‘रोजचं असेल तर आयएनजी नाही’, आणि तीन आठवडे तेच घोटून घेतलं. आय गो, आय वर्क, ही नोज, द फॅन मेक्स नॉइज. दादा हुशार आणि मेहनती, घरी वहिनींना समोर बसवून प्रॅक्टिस करायचे, तीन आठवड्यांत आयएनजी जवळजवळ गायब. मी खूश. इथेच माती खाल्ली.

एका शनिवारी दुपारी, सेकंड शिफ्ट, एका रिॲक्टरच्या ॲजिटेटरचा गिअरबॉक्स तेल सोडायला लागला. ॲजिटेटर म्हणजे आतला माल ढवळणारा दांडा-पंखा, वर मोटर आणि गिअरबॉक्स. आत बॅच चालू असताना तो विचारल्याशिवाय थांबवता येत नाही, म्हणून दादांनी साहेबांना फोन केला आणि माझ्याकडे शिकल्याप्रमाणे, अगदी विचार करून, बोलले, ‘सर, आर-थ्री गिअरबॉक्स लीक्स ऑइल.’ साहेब म्हणाले ओके, पुट इट इन द मेंटेनन्स लिस्ट, आणि फोन ठेवला. बरोबरच आहे ना साहेबांचं, ‘लीक्स’ म्हटल्यावर कुणालाही वाटणार की हा गिअरबॉक्स तेल सोडतो, त्याची ती खोडच आहे, सोमवारी बघू. इकडे तेल टपाटपा खाली. खाली ट्रे लावून, कॅनने वरून तेल भरत दादांनी अर्धा-पाऊण तास काढला, मग परत फोन करून नुसतं ओरडले, ‘सर लीकिंग! लीकिंग! नाऊ!’ तेव्हा साहेब आले. कुणाला काही झालं नाही, बॅच थोडा वेळ होल्डवर गेली एवढंच. पण सोमवारी दादा क्लासला आले ते बसलेच नाहीत, उभ्यानेच म्हणाले, ‘मॅडम, आधी आयएनजी लावायचो तेव्हा साहेब उगाच पळत यायचे, आता काढलं तर यायला पाहिजे तेव्हाही येत नाहीत. मी नक्की काय करू?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तक्त्यात तर होतं, पण तो तक्ता त्यांना माझ्याइतकाच पाठ होता.

मग मी इंग्रजी बाजूला ठेवलं. म्हटलं दादा आठवडाभर रोज ड्युटी सुटल्यावर, पुढच्या शिफ्टवाल्याला तुम्ही मराठीत जे सांगता तेच मला व्हॉइस नोटवर पाठवा, जसंच्या तसं. प्लांटमध्ये स्वतःचा मोबाइल गेटवरच जमा करावा लागतो, त्यामुळे ते बाहेर टपरीवर चहा घेता घेता बोलायचे, मागे टेम्पोचे हॉर्न, कुणीतरी ‘दोन कटिंग’ ओरडतोय. मी बसून सगळं वहीत उतरवलं आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

या माणसाच्या तोंडी सवयीसाठी ‘करतो’ जवळजवळ येतच नव्हतं. ‘तो पंप मधूनच ट्रिप होत असतो’ (म्हणजे आपोआप बंद पडतो), ‘लेव्हल स्विच खोटा अलार्म देत असतो’, ‘नाईटवाले लाइन फ्लश करत नसतात’. हे आपल्या शाळेच्या व्याकरणातलं रीति वर्तमानकाळ, ‘मी रोज फिरायला जात असतो’ वालं. आता ‘जात असतो’ चं शब्दाला शब्द इंग्रजी केलं तर काय होणार? जात म्हणजे गोइंग, असतो म्हणजे ॲम. झालं, आय ॲम गोइंग डेली. म्हणजे दादा आयएनजी सवयीने लावत नव्हते, ते प्रामाणिकपणे भाषांतर करत होते, आणि मी त्यांना सांगत होते की तुमची खोड मोडा.

बरं मग ‘करतो’ कशासाठी वापरायचे? वचन द्यायला. ‘मी बघतो’, ‘मी सांगतो त्याला’, ‘थांबा, मी करतो’. आपण सगळेच करतो हे. शाळेत शिकवलं ‘मी करतो म्हणजे आय डू’, त्यामुळे साहेब म्हणाले पंप चेक करा की दादा म्हणणार ‘आय डू सर’. साहेब वाट बघत राहणार, काय डू? तिथे आय विल डू इट पाहिजे, किंवा नुसतं ओके सर. आणि निघताना तर कहरच, आपल्याकडे ‘जातो’ म्हणत नाहीत, अशुभ वाटतं, ‘येतो’ म्हणतात. दादा केबिनमधून निघताना ‘ओके सर, आय कम’ म्हणून निघून जायचे. त्याचा उलटा प्रकार म्हणजे ‘आलो’. साहेबांनी वॉकीटॉकीवर बोलावलं की, ‘आलो आलो’ च्या चालीवर, ‘आय केम सर, आय केम’. आपल्याकडे आलो म्हणणारा माणूस अजून खुर्चीतून उठलेलाही नसतो हे तमिळ माणसाला कसं कळणार, त्यांनी मागे वळून बघितलं म्हणे. तिथे इंग्रजीला आयएनजीच लागतं, आय ॲम कमिंग, आणि ते बिचारं दादांनी माझं ऐकून काढून टाकलेलं.

तिसरी गंमत ‘करतोय’ ची. ‘पंप ट्रिप होतोय’ म्हणजे आत्ता डोळ्यासमोर. पण ‘गेले चार दिवस पंप ट्रिप होतोय’ आणि ‘मी १४ वर्षं इथे काम करतोय’, शब्द तोच. मराठीला एका ‘करतोय’ मध्ये भागतं, इंग्रजीला मागून सुरू होऊन आजपर्यंत चाललेल्या गोष्टीसाठी वेगळं लागतं, द पंप हॅज बीन ट्रिपिंग फॉर फोर डेज. आणि ‘सिन्स फोर्टीन इयर्स’ कुठून आलं तर आपल्या ‘पासून’ मधून. चौदा वर्षांपासून आणि सोमवारपासून, आपल्याला दोन्हीला पासूनच, इंग्रजीत मात्र सुरुवातीचा क्षण असेल तर सिन्स, मोजलेला वेळ असेल तर फॉर. हे सांगितल्यावर दादा म्हणाले मग पहिलंच असं का नाही शिकवत कुणी? मी गप्प.

तर आम्ही नव्याने सुरुवात केली आणि यावेळी नियम दादांनीच काढला. लीकच्या दिवसाचा विषय निघाला आणि ते बोलून गेले, ‘म्हणजे मॅडम साहेबांनी पळत यायचं असेल तर आयएनजी, सोमवारी बघायचं असेल तर नको.’ मी तेच बोर्डवर लिहिलं: पळायचं का? द गिअरबॉक्स इज लीकिंग, पळा. द गिअरबॉक्स लीक्स, लिस्टमध्ये टाका. द फॅन मेक्स नॉइज व्हेन इट स्टार्ट्स, लिस्टमध्ये. व्हॉइस नोटमधली २३ वाक्यं आम्ही या एका प्रश्नाने चाळली आणि दादांनी २० च्या वर स्वतः बरोबर लावली, तेही तक्ता न बघता.

पण कुठलाही नियम सगळीकडे चालत नाही आणि दादांनीच तो मोडून दाखवला. ‘मॅडम, या आठवड्यात मी नाईटला आहे, यात कुणी पळायचं?’ धिस वीक आय ॲम वर्किंग नाईट्स. कुणीच पळायचं नाही, तरी आयएनजी. मग दुसरा प्रश्न जोडला, हे लवकरच बदलणार आहे का? शिफ्ट सोमवारी बदलणार, म्हणून आयएनजी. ‘आय वर्क इन शिफ्ट्स’ बदलणार नाही, निदान रिटायर होईपर्यंत, म्हणून साधं. दोन प्रश्नांत बरंच काम भागलं. (इंग्रजीत ऑलवेजसोबत तक्रारीच्या सुरात आयएनजी चालतं, ही इज ऑलवेज कंप्लेनिंग, ते मी मुद्दाम सांगितलं नाही. आधीच इतकं झालेलं, अजून एक फाटा कशाला.)

खरा घोळ पुढे, नो आणि अंडरस्टँडमध्ये. ‘मला समजत नाहीये’ हे तर आत्ताचं आहे, आत्ताच समजत नाहीये, मग आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग का चुकीचं? शिवाय मराठीत ‘माहितीये’, ‘समजत नाहीये’ यात आहे दडलेलंच आहे, म्हणून हात आपोआप ॲम कडे जातो. इथे मी प्लांटच्या सीसीटीव्हीचा आधार घेतला. जे काम कॅमेऱ्यात होताना दिसतं त्याला आयएनजी लागू शकतं, जे नुसतं माणसाच्या आत असतं किंवा त्याच्या मालकीचं असतं त्याला शक्यतो नाही. माहीत असणं कॅमेऱ्यात दिसत नाही, पाहिजे असणं दिसत नाही, दोन मुलं असणं दिसत नाही. पण आय ॲम हॅविंग लंच चालतं, कारण डबा उघडलेला कॅमेऱ्यात दिसतो. दादांना हे फार आवडलं. थिंक मात्र या गाळणीतून निसटतं, आय ॲम थिंकिंग अबाउट इट चालतं आणि आत काय चाललंय ते कॅमेऱ्याला दिसत नाही, तेवढं अपवाद म्हणून पाठ करायला सांगितलं.

यातलं एक वाक्य मी सगळ्यात जास्त घोटून घेतलं कारण ते केमिकल प्लांटचं आहे. वास. सॉल्व्हंटचा वास येतोय, आत्ता, आणि पळायचंय सुद्धा, म्हणजे आमच्या नियमाने आयएनजी लागायला हवं. पण इंग्रजी बोलणारे तिथे आय ॲम स्मेलिंग म्हणत नाहीत, आय कॅन स्मेल सॉल्व्हंट म्हणतात. दिसणं, ऐकू येणं यांचंही तसंच, आय कॅन सी स्मोक, आय कॅन हिअर इट. हे नियमात बसवायचा प्रयत्नच केला नाही, तीन वाक्यं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिली, त्यांनी ती लॉकरच्या दाराला आतून चिकटवली.

‘केलाय’ मात्र आपल्याला फुकटात मिळतं. मी व्हॉल्व्ह बंद केलाय, आय हॅव क्लोज्ड द व्हॉल्व्ह, जवळजवळ एकास एक, आणि शिफ्ट हँडओव्हरला याच्याइतकं महत्त्वाचं काही नाही, कारण पुढच्याला कळायला हवं की बंद केला आणि अजून बंदच आहे. फक्त एक खड्डा आहे. मराठीत ‘कालच बंद केलाय’ बिनधास्त चालतं, इंग्रजीत यस्टर्डे आलं की हॅव गेलं, आय क्लोज्ड इट यस्टर्डे. कधी केलं ते सांगायचं असेल तर हॅव सोडा, हॅव ठेवायचं असेल तर कधी ते सांगू नका. (लाँग हँडओव्हरमध्ये दोन्ही लागतं तेव्हा दोन वाक्यं करा, उगाच एकात कोंबू नका.)

त्या महिन्याच्या शेवटी दादांनी मला हँडओव्हर करून दाखवलं, मी पुढची शिफ्ट, डायनिंग टेबल म्हणजे कंट्रोल रूम. ‘बॅच इन आर-थ्री इज रनिंग. वी हॅव चार्ज्ड द सेकंड ड्रम. पी-टू पंप हॅज बीन ट्रिपिंग सिन्स मंडे. इट ट्रिप्स व्हेन टँक लेव्हल गोज लो, सो कीप वॉच.’ मध्ये एकदा थांबले, ट्रिप्सच्या आधी, ओठ हलले, मला माहितीये आत काय चाललं होतं, पळायचं का, नाही, लिस्टमध्ये. मग बोलले. ‘द’ दोन-तीन ठिकाणी खाल्लं, ते मी ऐकलंच नाही असं केलं.

ट्रिप्सच्या त्या एस बद्दल. त्यावर मी फार वेळ घालवला नाही आणि काही टीचर मंडळींना हे पटणार नाही. आपलं क्रियापद प्रत्येकासाठी बदलतं, जातो, जाते, जातोस, जातात, आणि इंग्रजीवाल्यांनी सगळं टाकून एकट्या ही-शी-इटसाठी एक एस ठेवलाय, तोही नेमका अनेकवचनासारखा दिसणारा, त्यामुळे दादा ‘पंप्स ट्रिप्स’ म्हणायचे. मी एवढंच सांगितलं की एस एकच आहे, नावाला दिला तर क्रियापदाला उरत नाही, पंप ट्रिप्स नाहीतर पंप्स ट्रिप. पीपलसारख्या शब्दांना हे लागू नाही, पण पंपांना पुरतं. एस चुकला म्हणून साहेब चुकीच्या वेळी टॉवरवर चढत नाहीत. आयएनजी चुकला तर चढतात.

आणि याच हिशोबाने एक दिवस मलाच कोड्यात पडायला झालं. दादा हसत हसत आले, ‘मॅडम, आज साहेब स्वतः मीटिंगमध्ये म्हणाले, आय ॲम नॉट ॲग्रीइंग विथ धिस. आणि आय ॲम हॅविंग वन डाउट.’ आता काय सांगणार? खरं तेच सांगितलं, की भारतात खूप शिकलेली माणसं असंच बोलतात, तमिळ असोत की मराठी, आणि ऐकणाऱ्याला काही चुकीचं कळत नाही. परीक्षेत मार्क जातील, परदेशी क्लायंटपुढे जरा वेगळं वाटेल, बाकी काही नाही. तेव्हापासून मी दादांच्या वहीत दोन रंग करायला लावलेत, लाल म्हणजे अर्थ बदलतो, हे चुकायचंच नाही, आणि पिवळा म्हणजे फक्त इंग्रजी आपल्याकडचं वाटतं, सवडीने बघू. लीक्स-लीकिंग लाल. आय डू आणि आय केम लाल. हॅविंग टू चिल्ड्रन पिवळा. सिन्स-फॉर मी पिवळ्यात टाकला होता, दादांनी स्वतः लालमध्ये नेला, म्हणाले १४ वर्षं झाली हे तरी नीट सांगता आलं पाहिजे.

‘आय डू सर’ अजून पूर्ण गेलेलं नाही, घाईत असले की निघतंच. प्रश्न विचारताना गाडी अडते, ‘डज द पंप ट्रिप्स’ मध्ये एस दोनदा येतो. सध्या ते नाईटला आहेत, सकाळी आठला सुटून क्लासला आले तर खुर्चीतच डुलक्या देतात म्हणून मीच नको म्हटलं. सोमवारपासून फर्स्ट शिफ्ट आहे, तेव्हा डजचं बघू.